शिडाचे जहाज की आगबोट?

"आपले पूर्वज ज्या जहाजाने आले, त्याचे चित्र काढा," असे आम्ही वर्गात सांगितले की मुले हटकून धुराडे काढतात. घरोघरीही "आपले लोक आगबोटीने आले" असेच बोलले जाते. पण मुंबई बंदरातून मॉरिशसला आलेल्या आमच्या पहिल्या पिढ्या शिडाच्या जहाजांतून आल्या. वारा पडला की जहाज थांबे. रत्नागिरीकडच्या ज्या माणसांनी खाडीतली गलबते तेवढी पाहिली होती, त्यांनी कित्येक आठवडे चहूकडे पाणीच पाहिले.

मग तेव्हा आगबोटी नव्हत्या का? होत्या. १८३४ साली 'ॲटलास' जहाज कलकत्त्याहून ३६ मजुरांना घेऊन पोर्ट लुईला लागले, त्याआधीच वाफेची जहाजे निघाली होती. अडचण कोळशाची होती. जुने इंजिन वाफ एकदाच वापरी आणि तिच्यात उरलेला जोर वाया जाई. लांबच्या प्रवासाला निघायचे तर जहाजाच्या पोटात कोळसाच इतका भरावा लागे की मालाला फारशी जागा उरत नसे.

यावर जॉन एल्डर यांनी १८५४ मध्ये 'ब्रँडन' जहाजावर जोड-इंजिन बसवले. त्यात वाफ आधी लहान सिलिंडरमध्ये काम करते आणि तिथून निघून मोठ्या सिलिंडरमध्ये पुन्हा काम करते. आपल्याला हे सहज समजेल. उसाचा चोथा दुसऱ्यांदा चरकात घातला की आणखी रस निघतो, तसेच हे.

लिव्हरपूलच्या आल्फ्रेड होल्ट यांनी १८६४ मध्ये 'क्लिएटर' या आपल्या जुन्या, लहान जहाजावर हा प्रयोग केला. बॉयलरमधला दाब त्यांनी दर चौरस इंचास ६० पौंड ठेवला. तेवढ्या दाबाची तेव्हा अधिकाऱ्यांना भीती वाटे. प्रयोग जमला आणि १८६६ च्या एप्रिलमध्ये त्यांचे 'अगमेम्नॉन' लिव्हरपूलहून निघाले. वाटेत कोठेही कोळसा न घेता ते ८,५०० मैल चालले आणि पहिल्यांदा थांबले ते आमच्या मॉरिशसला!

हे ऐकून मुले टाळ्या वाजवतात. पण पुढचेही सांगावे लागते. ते जहाज चीनच्या व्यापारासाठी बांधले होते, परतताना चहा आणण्यासाठी. त्याच बंदरात आमची माणसे शिडाच्या जहाजांतून उतरत होती आणि कुली घाटाच्या सोळा पायऱ्या चढत होती. चहा लवकर पोचला तर भाव चांगला मिळे. मजुराचे आठवडे मात्र कोणी मोजत नव्हते, आणि वारा फुकट होता. नंतर आगबोटींनीही मजूर आले, पण ते उशिरा.

१८६९ मध्ये सुएझचा कालवा उघडला. त्याच नव्या इंजिनांच्या आगबोटी त्या वाटेने जाऊ लागल्या आणि पोर्ट लुईला थांबणारी जहाजे कमी झाली. ज्या शोधाने जग जवळ आणले, त्यानेच आमचे बेट वाटेपासून दूर टाकले.

येणाऱ्यांच्या नोंदवहीत क्रमांक, गाव आणि जहाज लिहिलेले असे. या शताब्दीनिमित्त प्रत्येक घराने आपल्या जहाजाचे नाव शोधावे, अशी आमची विनंती आहे. नाव सापडले की ते शिडाचे होते की वाफेचे, हेही पाहावे. मग मुलांना चित्र बरोबर काढता येईल, आणि त्या माणसांनी काय सोसले तेही कळेल.