वारीची वाट आणि सांडपाण्याची वाट

मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला चंद्रभागा प्रथम भेटते ती अभंगांतून. भीमाशंकरला उगम पावलेली भीमा पंढरपुरात चंद्रकोरीसारखे वळण घेते, म्हणून तेथे ती चंद्रभागा. तिचे वाळवंट म्हणजे संतांची सभा आणि तिचे स्नान म्हणजे पापक्षालन. ह्या प्रतिमेत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे : नदी दुसऱ्याचा मळ धुते, तिला स्वतःला मळ लागत नाही. ह्या गृहीताची किंमत इतिहासात कोणी मोजली, हा आमच्या ह्या टिपणाचा विषय आहे.

आधी भूगोल पाहू. देहू आणि आळंदी ही दोन्ही क्षेत्रे इंद्रायणीकाठची. इंद्रायणी तुळापूरला भीमेस मिळते. पिंपरी-चिंचवडमधून येणारी पवना मुळेत जाते, मुळा पुण्यात मुठेला भेटते आणि मुळा-मुठा पुढे भीमेत शिरते. मग उजनीचे धरण, त्याखाली नरसिंहपूरला नीरेचा संगम, आणि त्यानंतर पंढरपूर. ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या सुमारे अडीचशे किलोमीटर चालून जेथे पोचतात, तेथेच त्या गावांचे आणि वाटेतल्या महानगरांचे सांडपाणीही नदीच्या वाटेने पोचते. वाटा दोन, मुक्काम एक.

नदीच्या अस्वच्छतेची सरकारी चर्चा एकोणिसाव्या शतकात सुरू झाली ती पटकीच्या भीतीने. १८६६ साली कॉन्स्टँटिनोपल येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेने पटकीच्या फैलावाचे मोठे कारण म्हणून हिंदुस्थानातील यात्रांकडे बोट दाखवले. त्यानंतर पंढरपूरसारखी क्षेत्रे सरकारी अहवालांत सतत दिसू लागतात. यात्रेकरूंवर कर बसला, त्यातून सफाईचा खर्च निघू लागला. ह्या दृष्टीत रोगाचे मूळ होते गरीब यात्रेकरूचा देह. नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या शहरांचा विचार तीत नव्हता, आणि त्या काळी ती शहरे लहानही होती.

मात्र त्याच काळात शहरांना पाणी आणून देण्याची मोठी कामे झाली. सोलापूरजवळ आदिला ह्या छोट्या नदीवर बांध घालून १८७१ मध्ये एकरुख तलाव झाला. आज लोक त्याला हिप्परग्याचा तलाव म्हणतात. पुण्याजवळ मुठेवर खडकवासल्याचे धरण १८७९ मध्ये पुरे झाले. दोन्ही ठिकाणचा क्रम एकच आहे : शहराच्या वरच्या अंगाला नदी अडवून स्वच्छ पाणी घ्यायचे आणि वापरलेले पाणी शहराच्या खालच्या अंगाला त्याच नदीत सोडायचे. १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्सच्या दुर्गंधीने पार्लमेंट हैराण झाले, तेव्हा लंडनने अवाढव्य गटारे बांधली. पण त्यांनीही मैला आधी केवळ शहराबाहेर, नदीच्या खालच्या भागात, नेऊन सोडला. पाणी आणणे हे वैभव आणि पाणी परत करणे ही अडगळ, हा समज आपल्या नगरपालिकांनी जसाच्या तसा उचलला.

परत करण्याचे काम पंढरपुरात कोणाच्या माथी आले? ज्या वाळवंटात भेदाभेद गळून पडतो असे संतांनी गायिले, तेच वाळवंट यात्रा पांगल्यावर साफ करण्याचे काम जातीने ठरलेल्या हातांकडे राहिले. चोखोबांची समाधी महाद्वाराबाहेर आहे. देवळाचे दार दलितांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना १९४७ मध्ये उपोषण करावे लागले. गाडगेबाबांनी हाती खराटा घेतला आणि चोखामेळ्याच्या नावाची धर्मशाळा ह्याच गावात उभारली. त्या खराट्याकडे नुसते स्वच्छतेचे प्रतीक म्हणून पाहणे आम्हांला अपुरे वाटते. सफाई हे जातीचे काम आहे ह्या समजुतीवरच त्यांचा तो आघात होता. तरीही हाताने मैला उचलण्यास बंदी करणारा नवा कायदा २०१३ साली आला, तेव्हा पंढरपूरच्या यात्रांतील ह्याच प्रथेविरुद्धची याचिका मुंबई उच्च न्यायालयापुढे होती. वाळवंटातील तंबू-राहुट्यांवर निर्बंध आले, ६५ एकरांच्या तळावर वारकऱ्यांची सोय झाली, शौचालयांची संख्या वाढली. पावित्र्याच्या भाषेने जे शतकानुशतके झाकले, ते उघड करण्यास कायद्याची रूक्ष भाषा उपयोगी पडली.

नदीचे रूप मात्र त्याआधीच पालटले होते. १९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झाले. ११७ टीएमसी साठ्याच्या ह्या जलाशयातील निम्म्याहून अधिक पाणी मृतसाठा आहे. वाहत्या नदीत मैला काही अंशी पातळ होतो, हवेतील प्राणवायू मिसळून कुजून संपतो. साचलेल्या पाण्यात त्यातील नत्र आणि स्फुरद शेवाळाचे अन्न होतात. पाणी हिरवे पडते, शेवाळ मरून कुजले की प्राणवायू घटतो, जलपर्णी पसरते. भिगवणला रोहित पक्षी पाहणाऱ्यांना हा जलाशय नंदनवन वाटतो. सोलापूरकर तेच पाणी शुद्ध करून पितात. पंढरपुरातील नदी तर आता वेळापत्रकाने वाहते. आषाढीच्या स्नानासाठी धरणातून पाणी सोडावे लागते.

कायद्यांची वाण नव्हती. जलप्रदूषणाविरुद्ध महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा १९६९ चा, म्हणजे १९७४ च्या केंद्रीय कायद्याहून जुना. राज्याचे प्रदूषण नियंत्रण मंडळ १९७० मध्ये स्थापन झाले. २०१६ मध्ये जपानच्या कर्जातून पुण्यासाठी ११ नव्या मैलाशुद्धीकरण केंद्रांचा, एकूण रोज ३९.६ कोटी लिटर क्षमतेचा, करार झाला आणि काम रेंगाळत गेले. त्याच वर्षी ‘नमामि चंद्रभागा’ची घोषणा झाली, नदी निर्मळ करण्यासाठी ठरलेले २०२२ हे वर्षही उलटले. शिवाय शुद्धीकरणाच्या नेहमीच्या पद्धतीने कुजणारा मैला घटतो, स्फुरद बराचसा तसाच राहतो. म्हणजे केंद्रे नीट चालली तरी उजनीचा हिरवा रंग लगेच जाणार नाही.

सोलापूरलाही ह्यात केवळ फिर्यादी होता येणार नाही. ज्या आदिलेने १८७१ मध्ये शहराला तलाव दिला, तिचा शहराखालचा प्रवाह आज नाला म्हणूनच ओळखला जातो. तो सीनेकडे जातो आणि सीना हत्तरसंग-कुडल येथे भीमेस मिळते. त्या संगमावरील संगमेश्वराच्या देवळात शके ९४० चा, म्हणजे इ. स. १०१८ चा, मराठी शिलालेख आहे. कालनिर्देश असलेल्या आद्य मराठी लेखांत त्याची गणना होते. मराठी भाषेच्या जन्माची साक्ष शोधत विद्यार्थी जेथे जातात, तेथे पुण्याचे, पंढरपूरचे आणि सोलापूरचे पाणी एकत्र येते आणि पुढे कर्नाटकात जाते. पलीकडच्या काठावरच्या लोकांनी ते प्यावे की नाही, हे त्यांना विचारून कोणी ठरवलेले नाही.

नदीला आई म्हणणारी भाषा खोटी होती असे आम्ही म्हणत नाही. पण आई सर्व पोटात घालते ह्या विश्वासावर खालच्या गावांचे पिण्याचे पाणी आणि खालच्या मानलेल्या जातींचे श्रम ह्यांचा हिशोब फार काळ बुडवला गेला. अभंग शिकवताना त्या हिशोबाचे पान वर्गात उघडले, तर अभंगाची अवज्ञा होणार नाही. वाळवंटाबद्दल संतांनी जे म्हटले, ते खरे करण्याचे काम अजून शिल्लक आहे, एवढेच त्यातून कळेल.