एका तारखेत म्हातारी झालेली मशीन

विंडोज एक्सपी २००१ साली आली आणि घराघरांत पोचली. ८ एप्रिल २०१४ला तिचे सुरक्षा अपडेट्स थांबले. त्या दिवशी कुणाचा मदरबोर्ड जळला नाही, तरी लाखो चालू मशीन्स एका रात्रीत ‘जुनी’ ठरली. आमच्या घरचा डेस्कटॉपही त्यातलाच. परवा मी त्यावर डेबियन टाकलं. आता धाकटी बहीण त्यावर प्रोजेक्ट टाइप करते.

लिनक्सही जुन्या मशीनला जन्मभर सांभाळत नाही. लिनस टॉरवाल्ड्सने १९९१मध्ये ते ज्या ३८६ प्रोसेसरवर लिहिलं, त्याचाच सपोर्ट २०१२मध्ये कर्नेलमधून काढला गेला. पण सोर्स कोड खुला आहे. जुनी आवृत्ती घेऊन ती दुरुस्त करायला आजही कुणाची परवानगी लागत नाही. मशीन भंगारात कधी द्यायचं, हे मग आपण ठरवतो.