जावर : रुप्याचें नगर, जस्ताची विद्या

उदयपुराच्या दक्षिणेस सुमारें पंचवीस मैलांवर, अरवलीच्या डोंगरांत, टिडी नदीच्या परिसरांत जुन्या जावरचे अवशेष पसरले आहेत. पडकीं जैन व शैव मंदिरें, डोंगरावरील तटबंदी आणि जिकडेतिकडे भाजलेल्या मातीच्या नळ्यांचे ढीग, एवढीच या नगराची आतां मालमत्ता उरली आहे. मेवाडच्या परंपरेंत हें गांव रुप्याच्या खाणींसाठीं गाजलें. राणा लाखाच्या कारकीर्दींत, म्हणजे चौदाव्या शतकाच्या अखेरीच्या सुमारास, या खाणी सांपडल्या, असें कर्नल टॉड लिहितो. परंतु खाणींतील जुन्या लांकडांची कार्बन-पद्धतीनें परीक्षा झाली, तेव्हां येथील खोदकाम ख्रिस्तपूर्व काळापर्यंत मागें गेलें. लाखानें खाणी शोधिल्या नसून फार तर पुन्हां चालू केल्या, असेंच आम्हांस म्हणणें भाग आहे.

वस्ती केवळ खाणकामगारांच्या झोंपड्यांची नव्हती. महाराणा कुंभाची कन्या व जुनागडच्या मंडलिकाची राणी रमाबाई माहेरीं परतल्यावर तिनें १४९७ मध्यें येथें विष्णुमंदिर व कुंड बांधविलें. राजकन्येनें देवालयासाठीं खाणीचें गांव निवडावें, ही गोष्ट त्याच्या वैभवाची पुरेशी साक्ष आहे.

रुपें येथें शिशाच्या दगडांत मिसळलेलें मिळे. तें वेगळें काढण्याची कला पुष्कळ देशांस ठाऊक होती. जावरचें खरें कर्तृत्व निराळेंच आहे. टॉड येथील दुसऱ्या धातूस कथील समजला. तें वस्तुतः जस्त होतें. जस्त काढणें मोठें अवघड. दगड तापवून त्यांतून तें मोकळें होतें तें वाफेच्या रूपानें, आणि त्या वाफेस वारा लागतांच तिची राख होते. जावरच्या कारागिरांनीं वांग्याच्या आकाराच्या मातीच्या मुशींत दगडाचा चुरा व कोळसा भरला, मुशीच्या तोंडास नळी जोडली आणि छत्तीस मुशी एका भट्टींत उलट्या टांगल्या. वर आग, खालीं थंड कोठी. वाफ खालीं उतरून तेथें थिजे. ‘रसरत्नसमुच्चया’ंत या वृंताक-मुशीचें वर्णन आहे. पण ग्रंथांत लिहिणें निराळें आणि भट्ट्यांच्या ओळीच्या ओळी पेटत्या ठेवणें निराळें. इंग्लंडांत ब्रिस्टलच्या विल्यम चँपियननें अशाच अधोमुखी पद्धतीचें पेटंट घेतलें तें १७३८ मध्यें. जावरचा धंदा त्याच्या कित्येक शतकें आधीं भरभराटीस आला होता.

मग नगर ओस कां पडलें? येथें मराठी वाचकांस थोडें अडखळावें लागेल. अठराव्या शतकांत या खाणींचें उत्पन्न दोन लाख रुपयांवर होतें, असें गॅझेटियर सांगतें, आणि तें १७६६च्या सुमारापर्यंतच. १७६९ मध्यें महादजी शिंद्यांनीं उदयपुरास वेढा घातला. तो उठविण्यासाठीं मेवाडनें साडेत्रेसष्ट लाख देण्याचें कबूल केलें, असें टॉडचें म्हणणें आहे. टॉड मराठ्यांचा मित्र नव्हे, हें खरें. तथापि तेवढ्यानें त्याची सगळी तक्रार खोटी ठरत नाहीं. मराठ्यांनींच जावर बुडविलें, असें म्हणण्यास पुरावा नाहीं. पण खजिना रिकामा आणि मुलूख अस्वस्थ असतां खोल खाणींतील पाणी उपसावें कोणीं? पुढें १८१२-१३चा दुष्काळ आला, आणि उरलासुरला धंदाही बंद पडला.

भट्टीवरील लोकांनीं आपली विद्या कागदावर ठेविली नव्हती. ते पांगले आणि तीही त्यांच्याबरोबर गेली. १९८३ मध्यें ब्रिटिश म्यूझियम, बडोद्याचें महाराजा सयाजीराव विद्यापीठ व हिंदुस्तान झिंक यांच्या मंडळींनीं उत्खनन केलें, तेव्हां भट्ट्या जागच्या जागीं सांपडल्या. त्याआधीं त्या नळ्या सर्वांच्या डोळ्यांसमोरच होत्या. एकदां वापरलेली मूस पुन्हां कामास येत नसे. म्हणून जावरच्या लोकांनीं विटांऐवजीं त्याच एकावर एक रचून घरांच्या भिंती उभारल्या होत्या.