एका पावाची वंशावळ

मराठीतला 'पाव' हा दोन अक्षरांचा शब्द निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळे अर्थ देतो. 'पाव किलो साखर' म्हणताना तो चौथा हिस्सा असतो. 'देव पावला' म्हणताना तो प्रसन्न होण्याशी जोडलेला असतो. आणि दिंडोशीच्या बस आगाराजवळ आपण वड्याबरोबर खातो तो पाव तिसराच. पहिल्याचे मूळ संस्कृत 'पाद'. पाद म्हणजे पाय, आणि चार पायांपैकी एक म्हणून चतुर्थांश. दुसरा 'प्राप्' या धातूपासून आला. मग तिसरा कोठून आला?

याचे एक उत्तर आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी ऐकलेले असते : पीठ पायाने तुडवतात म्हणून पाव! पीठ तसे कोणी कधी तुडवले असेल वा नसेल, पण या उत्तराने भट्टीपुढे राबणाऱ्या माणसांच्या कामाला एक डाग चिकटवला हे मात्र खरे. म्हणून ते तपासून पाहू या. शब्दाच्या उगमाविषयीचे विधान हेही एक गृहीतकच असते. आणि गृहीतकाची परीक्षा घेता येते.

प्राचीन रोमच्या लॅटिन भाषेत पावाला 'पानिस' म्हणत. संस्कृत-प्राकृतातून जशा मराठी, गुजराती, हिंदी घडल्या, तशा लॅटिनमधून इटालियन, स्पॅनिश, फ्रेंच, पोर्तुगीज या भाषा घडल्या. त्यांच्यात पानिसची रूपे अशी झाली : इटालियनमध्ये 'पाने', स्पॅनिशमध्ये 'पान', फ्रेंचमध्ये 'पँ' आणि पोर्तुगीजमध्ये 'पाँव'. शेवटी 'व'सारखा उच्चार फक्त पोर्तुगीजमध्ये आहे.

हा योगायोग नाही. लॅटिनमधला 'न' पोर्तुगीजमध्ये अनेक ठिकाणी टिकला नाही. चंद्राला लॅटिन व स्पॅनिशमध्ये 'लूना' म्हणतात, तर पोर्तुगीजमध्ये 'लूआ'. मुकुट स्पॅनिशमध्ये 'कोरोना', पोर्तुगीजमध्ये 'कोरोआ'. हात स्पॅनिशमध्ये 'मानो', पोर्तुगीजमध्ये 'माँव'. पाव करणारा स्पॅनिशमध्ये 'पानादेरो', तर पोर्तुगीजमध्ये 'पादेइरो'. त्यावरूनच कोकणीतला 'पोदेर' आला. म्हणजे 'न' कुठे साफ गळून गेला, तर कुठे शेजारच्या स्वराला नाकातला उच्चार देऊन विरून गेला. आपल्याकडे 'पाद'चा 'पाय' होताना 'द' असाच गळाला. ध्वनी बदलतात ते बरेचसे नियमाने बदलतात, आणि म्हणूनच त्यांचा पुराव्यासारखा उपयोग होतो.

आता पायाचे गृहीतक पाहा. पोर्तुगीजमध्ये पायाला 'पे' म्हणतात. तो लॅटिन 'पेस'पासून आला, आणि हा 'पेस' आपल्या 'पाद'चा दूरचा भाऊबंद आहे. पावाचा शब्द मात्र निराळ्या मुळाचा, आणि पोर्तुगीज लोक भारतात येण्यापूर्वीपासून त्यांच्या तोंडी असलेला. मराठीत 'पाव' आणि 'पाय' जवळजवळचे वाटतात ते केवळ उच्चाराच्या योगायोगाने.

परंतु उच्चाराचा एकटा साक्षीदार पुरेसा नसतो. सोळाव्या शतकात पोर्तुगीज लोक जपानमध्ये पोचले, आणि त्यांचाच शब्द जपानी भाषेत 'पान' झाला. जपानी कानाने नाकातला उच्चार धरला आणि शेवटचा 'व' सोडला, मराठी कानाने नेमके उलटे केले. केवळ उच्चार पाहिला तर जपानी 'पान' स्पॅनिश वाटेल. म्हणून दुसरा साक्षीदार बोलवावा लागतो, तो म्हणजे इतिहास. शब्द देणारे आणि घेणारे एकमेकांना भेटले होते का? आपल्याकडे याचे उत्तर स्पष्ट आहे. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला. १५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि तिच्या ताब्यातला मुलूख त्यांना दिला. दिंडोशी ज्या साष्टी बेटावर आहे ते बेट मराठ्यांनी १७३७ मध्ये जिंकले आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. म्हणजे सुमारे दोनशे वर्षे इथल्या गावांवर पोर्तुगीज अंमल होता. उच्चार आणि इतिहास हे दोन्ही साक्षीदार एकच गोष्ट सांगतात.

या पानिसचे आणखी एक अपत्य आपल्याकडे दुसऱ्या वाटेने आले. लॅटिनमध्ये 'कोम' म्हणजे सह. ज्याच्याबरोबर पाव वाटून खायचा तो सोबती, आणि अशा सोबत्यांची मंडळी म्हणजे 'कंपनी'. १६०० मध्ये स्थापन झालेल्या ईस्ट इंडिया कंपनीच्या नावातही पाव दडलेला आहे!

इंग्रजीत मात्र पावाला 'ब्रेड' म्हणतात. जर्मनमध्ये 'ब्रोट', डचमध्ये 'ब्रोद'. हे कुळ वेगळे. जुन्या इंग्रजीत पावाला 'ह्लाफ' असाही शब्द होता. त्याचाच आजचा 'लोफ' झाला. 'ह्लाफ' राखणारा तो 'ह्लाफवेअर्ड', म्हणजे घरच्या अन्नाचा धनी. झिजत झिजत त्याचा 'लॉर्ड' झाला, आणि आपल्या बोलण्यात तो 'लाटसाहेब' म्हणून उतरला. पाव, कंपनी आणि लाटसाहेब हे तीन शब्द एकमेकांसारखे मुळीच दिसत नाहीत, पण तिघांच्याही मुळाशी पावच आहे. उलट पाव आणि पाय सारखे दिसतात, पण त्यांचे नाते नाही. वरवरचे साम्य म्हणजे नाते नव्हे, हा धडा जीवशास्त्रातही आपण शिकवतो. देवमासा दिसतो माशासारखा, पण तो सस्तन प्राणी आहे.

वर्गात ही परीक्षा 'चावी' या शब्दावर करून पाहता येईल. फळ्यावर लॅटिन 'क्लाविस', फ्रेंच 'क्ले', इटालियन 'क्यावे', स्पॅनिश 'याव्हे' आणि पोर्तुगीज 'शावी' ही रूपे लिहावीत. पोर्तुगीजमधला हा 'श' पूर्वी 'च'सारखा उच्चारत असत, एवढी माहितीही द्यावी. मराठीला हा शब्द कोणी दिला हे विद्यार्थ्यांना ठरवू द्यावे. आणि उत्तर आले की लगेच पुढचा प्रश्न विचारावा : कशावरून?