उतरणीवरला सडा

मंडळी, आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात घाटातून किनाऱ्याकडे येणारी वाट एकसारखी उतरत नाही, हे आपणांस ठाऊक आहेच. मध्येच कातळाचा सडा लागतो. कितीही चाला, जमीन सपाटच, आणि समुद्र काही दिसत नाही. वजन उतरवू पाहणाऱ्या माणसाचेही असेच होते. रक्तातली साखर किंवा रक्तदाब पाहून डॉक्टरांनी सांगितलेले असते, "वजन कमी करा." माणूस भात कमी करतो, गोड सोडतो, सकाळी बंदरापर्यंत चालून येतो. पहिल्या दोन महिन्यांत पाच-सहा किलो उतरतात, आणि मग काटा जो थांबतो तो हलत नाही. घरची माणसे म्हणतात, "चोरून खात असशील." तो बिचारा स्वतःलाच दोष देतो, मग एकतर कडकडीत उपास धरतो, नाहीतर सगळेच सोडून देतो.

हा सडा का लागतो, हे माणसाला फार उशिरा कळले. कमी अन्नावर शरीर काय करते, हा प्रश्न आपल्या महाराष्ट्रात पूर्वी एकदा जिवावर बेतला होता. तेथूनच सुरुवात करू.

१८७६ ते १८७८ या काळात घाटावर, सोलापूर, पुणे, सातारा, नगर या भागांत मोठा दुष्काळ पडला. सरकारने खडी फोडण्याची, रस्त्यांची, तळ्यांची कामे काढली. १८७७ च्या आरंभी हिंदुस्थान सरकारने सर रिचर्ड टेंपल यांना पाहणीस धाडले. खर्च आटोक्यात ठेवावयाचा होता. पुरुष मजुराला एक पौंड, म्हणजे सुमारे साडेचारशे ग्रॅम, धान्याची किंमत आणि वर एक आणा एवढी रोजी ठरली. एवढ्यावर माणूस तगेल, असा हिशोब होता. मजुरांना तो पटला नाही. मुंबई इलाख्यात हजारोंनी कामावरून उठून जाणे पत्करले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने, म्हणजे सार्वजनिक काका गणेश वासुदेव जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, सरकारकडे अर्जांवर अर्ज केले. मद्रासेत आरोग्य खात्याचे डॉ. कॉर्निश यांनीही या रोजीला कसून विरोध केला. त्यांचे म्हणणे एकच : नुसते तगणे निराळे आणि कष्ट करून धड राहणे निराळे.

त्यांचे म्हणणे किती खरे होते, हे प्रयोगशाळेत दिसावयास पुढे पुष्कळ वर्षे लागली. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१७ साली, अमेरिकेत फ्रान्सिस बेनेडिक्ट या शास्त्रज्ञाने काही धट्ट्याकट्ट्या कॉलेजकुमारांचे अन्न कमी केले. वजन सुमारे एकदशांश उतरल्यावर असे आढळले, की ते तेथेच टिकण्यास आता पूर्वीपेक्षा पुष्कळच कमी अन्न पुरते. त्यांची नाडीही मंद झाली होती. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ स्वयंसेवकांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवले. त्यांचे वजन सुमारे पाव हिश्श्याने घटले. पण स्वस्थ पडून असताना शरीर जी शक्ती खर्चते, ती सुमारे ४० टक्क्यांनी घटली! आणि ती माणसे कशी झाली? थंडी सोसवेना, कामात मन लागेना, रात्रंदिवस डोळ्यांसमोर अन्न. शरीराने खर्च कमी केला खरा, पण त्याची किंमत वसूल केली.

गुरुजींनी हे वर्गात सांगावयाचे झाल्यास घरचाच दाखला द्यावा. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढल्या, की मच्छीमाराच्या घरी आवक थांबते. मग घरधनीण काय करते? सुक्या मासळीची बेगमी पुरवून पुरवून वापरते, हात आखडता घेते. शरीरही असेच संसारी आहे. १९९४ साली जेफ्री फ्रीडमन यांच्या मंडळींनी चरबीतून निघणाऱ्या लेप्टिन या द्रव्याचा शोध लावला. चरबी घटली की हे द्रव्य घटते, मेंदूला इशारा मिळतो, भूक वाढते आणि खर्च उतरतो.

मात्र सगळा भार या काटकसरीवर टाकू नये. साध्या पथ्यात ती मिनेसोटाएवढी मोठी नसते. पहिल्या आठवड्यांत उतरते त्यात पाण्याचा वाटा बराच असतो. शिवाय ऐंशी किलोचा देह वागवण्यास जेवढे अन्न लागे, तेवढे चौऱ्याहत्तर किलोला लागत नाही. आणि खरे सांगावयाचे तर दोन महिन्यांनी आपले मापही सैल होते; पेजेचा एक वाडगा वाढतो, चहाबरोबर खाजे येते.

मग करावे काय? टेंपलसाहेबांची रोजी स्वतःच्या पोटाला लावू नये, हे पहिले. आठवडाभर खाल्लेले सर्व लिहून काढावे. निम्मा उलगडा तेथेच होतो. वजन रोज न करता आठवड्यातून एकदा, ठरल्या वेळी करावे. भात आवरला तरी मासळी, कुळीथ, डाळ आवरू नये. त्याने स्नायू राखले जातात. चालण्याच्या जोडीला अंगमेहनत ठेवावी. पूर्वी रापण ओढताना ती आपसूक होत असे, आता मुद्दाम करावी लागते. मधुमेहाची औषधे चालू असतील त्यांनी डॉक्टरांना विचारल्यावाचून आहार बदलू नये.

आणि वजन काही काळ तेथेच राहिले, तरी तो पराभव समजू नये. शंभरातले पाच-दहा टक्के वजन उतरून टिकले, तरी साखर आणि रक्तदाब यांना उतार पडतो. सड्यावर थोडे थांबून दम घेतला तरी चालेल. घाट पुन्हा चढू नये, एवढे सांभाळावे. आणि घरच्यांनी, काटा थांबलेल्या माणसाला चोर म्हणण्याआधी, ही हकीकत एकदा आठवावी.