वरकस आणि राब : डोंगरउताराचा एक जुना तंटा

आपल्यापैकी पुष्कळ कुटुंबांची मूळ गावे सह्याद्रीच्या पायथ्याशी, जुन्या ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत आहेत. त्या भागातील भातशेतीचा इतिहास केवळ खाचराच्या बांधापुरता पाहून कळावयाचा नाही. खाचरावरचा उतारही विचारात घ्यावा लागतो. या उतारास वरकस म्हणत. तेथे काही वर्षे नाचणी, वरी पिकवावी, मग जमीन पड ठेवावी, आणि भातास लागणारा राब तेथूनच आणावा, अशी वहिवाट होती.

राब म्हणजे काय, हे शहरात वाढलेल्या आपल्या मुलांस सांगावेच लागेल. शेण, ऐन-किंजळीचे टहाळे, गवत व पातेरा यांचे थर रोपाच्या वाफ्यावर पसरून, वर माती टाकून, उन्हाळ्यात ते भाजीत. भाजल्याने तणाचे बी मरे आणि राखेवर रोप जोमाने उठे. टहाळे तोडावयाचे, पण खोड राखावयाचे. कारण पुढे त्याच झाडापाशी पुन्हा यावयाचे असे.

मुंबई इलाख्यात १८४७ साली डॉ. अलेक्झांडर गिब्सन हे पहिले जंगल-कॉन्झर्व्हेटर झाले. १८५३ साली आगगाडी सुरू झाली, आणि गोदीच्या जोडीला रुळांखालच्या लाकडांची मागणी आली. मुंबईच्या चुलींस सरपण व कोळसाही याच डोंगरांतून जाई. जंगले विरळ होत होती, हे अधिकाऱ्यांचे म्हणणे खोटे नव्हते. परंतु दोषाचे खापर फुटले ते कोयता घेऊन टहाळे तोडणाऱ्या कुणब्यावर व आदिवासीवर! १८७८ च्या जंगल कायद्याने राखीव रानांत पूर्वीची वहिवाट हक्क म्हणून टिकेना. पुष्कळ ठिकाणी ती सरकारच्या मेहेरबानीची सवलत ठरली. जंगलखात्याने गावांची गायराने घशात घातली, अशी तक्रार जोतीराव फुले यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात केली, ती याच काळातील.

ओरड वाढली तेव्हा सरकारने १८८५ साली मुंबई जंगल कमिशन नेमले. त्याचा अहवाल १८८७ साली निघाला. ठाणे-कुलाब्यातील राब हा त्याच्यापुढील एक मोठा प्रश्न होता. राबावाचून भात पिकते की नाही, एवढ्या साध्या गोष्टीवर साक्षीपुरावे झाले! आमच्या मते खरा प्रश्न निराळा होता : उतार कोणाचा, आणि तो राखण्याची जबाबदारी कोणाची?

पुढे १९४८ च्या मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन कायद्यात वरकस ही संज्ञा आली, ती भातशेतीच्या राबासाठी वापरली जाणारी जमीन याच अर्थाने. घरातील जुनी दप्तरे चाळताना हा शब्द आढळल्यास तो कागद रद्दीत जाऊ देऊ नये.