इलेक्ट्रॉनिक सिटीतील युवक-भागीदारी

बंगळुरूच्या दक्षिणेस होसूर रस्त्यालगत वसलेल्या इलेक्ट्रॉनिक सिटी या उद्योगनगरीत कंपन्या, त्यांचे विश्वस्त निधी, शिक्षणसंस्था, शासकीय खाती आणि आसपासच्या गावांतील स्थानिक संस्था यांनी तरुणांचे शिक्षण, मानसिक आरोग्य व रोजगार यांसाठी जी सहकार्याची व्यवस्था उभी केली आहे, तिला येथे युवक-भागीदारी असे म्हटले आहे. केऑनिक्स या कर्नाटक राज्याच्या इलेक्ट्रॉनिक्स विकास महामंडळाचे पहिले प्रमुख आर. के. बाळिगा यांच्या कल्पनेतून ही वसाहत साकारली. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात कोनप्पन अग्रहार व दोड्डतोगूर या गावांच्या शिवारातील तीनशेहून अधिक एकर जमीन त्यासाठी घेण्यात आली, आणि ज्यांच्या जमिनीवर ही नगरी उभी राहिली त्यांच्या मुलांना तिच्यात कोणते स्थान मिळणार, हा प्रश्न तेव्हापासूनच तिच्याशी जोडला गेला.

येथील सहकार्याला प्रशासकीय बैठक आहे, हे त्याचे वेगळेपण होय. १९९२ मध्ये स्थापन झालेल्या ‘एल्सिया’ या उद्योजक संघटनेचा विश्वस्त निधी परिसरातील गावांत शिक्षण व आरोग्याची कामे करतो. तर २०१३ पासून ‘एल्सिटा’ हे औद्योगिक नगर प्राधिकरण नगरपालिकेप्रमाणे मालमत्ता कर गोळा करते आणि त्यातील काही हिस्सा लगतच्या स्थानिक संस्थांना देते. हा हिस्सा देणगीसारखा कोणाच्या मर्जीवर अवलंबून नसल्यामुळे गावांच्या दृष्टीने त्याचे मोल अधिक मानावे लागते. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक आर्थिक मर्यादेवरील कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करावी लागते (यालाच व्यवहारात सीएसआर म्हणतात) आणि त्यात कंपनीच्या आसपासच्या परिसराला प्राधान्य देण्याची अपेक्षा आहे.

पुण्यात १९८१ साली स्थापन होऊन १९८३ मध्ये बंगळुरूला आलेल्या इन्फोसिसने हा कायदा होण्याच्या कितीतरी आधी, म्हणजे १९९६ मध्ये, इन्फोसिस फाउंडेशनची स्थापना केली होती. पदवीपर्यंत पोचलेल्या पण पैशाअभावी अडखळणाऱ्या मुलींसाठी या संस्थेने २०२३ मध्ये शंभर कोटी रुपयांची देशव्यापी शिष्यवृत्ती योजना जाहीर केली. तीत विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित व वैद्यक या शाखांतील विद्यार्थिनींना शिक्षणशुल्क, राहण्याचा खर्च व अभ्याससाहित्य यांसाठी वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत मदत मिळते. बायोकॉन या जैवऔषधनिर्मिती कंपनीच्या फाउंडेशनने (२००४) प्राथमिक शाळांतील गणिताच्या सरावावर भर दिला. सरकारी शाळेत असे काही करावयाचे झाल्यास मुख्याध्यापकांबरोबरच पालकांचा समावेश असलेल्या शाळा विकास व देखरेख समितीला, म्हणजे महाराष्ट्रातील शाळा व्यवस्थापन समितीसारख्या मंडळाला, विश्वासात घ्यावे लागते. ते न केल्यास देणगीतून संगणकासारखे साहित्य येते खरे, पण ते कुलूपबंद खोलीत पडून राहण्याची भीती असते.

मानसिक आरोग्याच्या क्षेत्रातील येथील योगदान फारसे चर्चेत नसते. राज्य शासन व माहिती तंत्रज्ञान उद्योग यांच्या सहभागातून १९९९ मध्ये स्थापन झालेली आयआयआयटी बंगलोर ही संस्था इलेक्ट्रॉनिक सिटीत आहे आणि १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या ‘टेलिमानस’ या राष्ट्रीय दूरध्वनी सेवेला ती तांत्रिक साहाय्य देते. बंगळुरूतील निमहान्स ही राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्था या सेवेची मध्यवर्ती संस्था आहे. १४४१६ हा निःशुल्क क्रमांक लावल्यावर भाषा निवडता येते, मराठीही. प्रथम प्रशिक्षित समुपदेशक बोलणे ऐकून घेतो आणि गरज वाटल्यास तज्ज्ञाकडे किंवा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाकडे पाठवतो. परगावाहून नोकरीसाठी आलेल्या आणि भाड्याच्या खोलीत एकट्या राहणाऱ्या तरुणाला आपल्या भाषेत बोलता येणे हाच उपचाराचा पहिला टप्पा ठरू शकतो.

रोजगाराची बाजू मात्र तुलनेने लंगडी आहे. इन्फोसिसच्या ‘कॅम्पस कनेक्ट’ (२००४) या उपक्रमाने अभियांत्रिकी महाविद्यालयांतील शिक्षण उद्योगाच्या गरजांशी जोडण्याचा प्रयत्न केला. परंतु दहावी-बारावीनंतर शिक्षण सुटलेल्या स्थानिक मुलाला त्याचा लाभ पोचत नाही आणि त्याच्या वाट्याला बहुधा सुरक्षारक्षक, साफसफाई किंवा वाहनचालक यांसारखी कंत्राटी कामे येतात. अशा मुलांसाठी एनटीटीएफ या, मूळ केरळातील नेत्तूर येथे १९५९ मध्ये स्विस साहाय्याने सुरू झालेल्या संस्थेचे येथील इलेक्ट्रॉनिक्स प्रशिक्षण केंद्र अधिक उपयोगी आहे, कारण तेथे वर्गापेक्षा यंत्रावरील कामाला महत्त्व दिले जाते. शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ अन्वये तीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांनी विद्यावेतन देऊन शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. तथापि उमेदवारी संपल्यावर नोकरी देण्याचे बंधन नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये राष्ट्रीय विद्यालय रस्ता ते बोम्मसंद्र हा १९ किलोमीटरहून लांब मेट्रोमार्ग सुरू झाल्याने या पट्ट्यातील विद्यार्थ्यांना दक्षिण बंगळुरूतील महाविद्यालयांकडे जाण्यासाठी होसूर रस्त्यावरील वाहतूककोंडीला पर्याय मिळाला. त्यावरील कोनप्पन अग्रहार स्थानकाच्या उभारणीस इन्फोसिस फाउंडेशनने आर्थिक साहाय्य केले असून हेब्बगोडी स्थानकाला बायोकॉनचे नाव जोडलेले आहे.